'पाचोळा' कोण सांगतं? : रा. रं. बोराडे यांच्या लेखनाविषयी

(छत्रपती संभाजीनगर येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची लकब शक्य तेवढी तशीच ठेवली आहे.)



या शहरात 'रा. रं. बोराडे' असं पूर्ण नाव फारसं कोणी घेत नाही. सगळे 'बोराडे सर' म्हणतात. इथं बसलेल्यांपैकी काही जण त्यांचे विद्यार्थी असतील, काहींनी त्यांच्या हाताखाली नोकरी केली असेल, काहींना त्यांनी पहिल्या पुस्तकाच्या वेळी दोन शब्द सांगितले असतील. म्हणून आधीच सांगतो, आज मी त्यांना 'बोराडे' म्हणणार आहे. आदर कमी आहे म्हणून नाही. 'सर' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं प्राचार्य येतात, सभेचे अध्यक्ष येतात, मंडळाचे अध्यक्ष येतात, आणि एका तिशीतल्या माणसानं लिहिलेली कादंबरी त्यांच्या पाठीमागं दिसेनाशी होते. मला त्या कादंबरीबद्दल बोलायचं आहे. किस्से, आठवणी सांगणारे माझ्यापेक्षा अधिकारी लोक या शहरात आहेत.

११ फेब्रुवारी २०२५ ला बोराडे इथंच गेले, वयाच्या ८४ व्या वर्षी. त्याच्या थोडेच दिवस आधी राज्य सरकारचा विंदा करंदीकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना जाहीर झाला होता. दहा दिवसांनी दिल्लीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. त्या संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना आयुष्यात कधी मिळालं नाही. यावर हळहळणारे पुष्कळ आहेत. मी त्यातला नाही. अध्यक्षपदाने भाषण मिळतं, वाचक मिळतात असं नाही. श्रद्धांजलीपर मजकुरात मात्र एक गोष्ट मला सारखी खटकत राहिली. जिकडं तिकडं एकच वाक्य: 'ग्रामीण जीवनाचं वास्तव चित्रण करणारा लेखक हरपला.' हे वाक्य चूक नाही. अडचण ही आहे की ते शंभर लेखकांवर चालतं. आणि जे वाक्य शंभरांवर चालतं ते 'पाचोळा'बद्दल काहीच सांगत नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. बोराड्यांचं मोठेपण त्यांनी गाव *दाखवलं* यात नाही. गाव दाखवणारे त्यांच्या आधीही होते. 'पाचोळा'त त्यांनी सांगण्याचा अधिकारच सोडून दिला. शिकलेल्या माणसाला गोष्टीतून बाहेर काढलं आणि शिंप्याच्या बायकोला सांगायला बसवलं. मराठी कादंबरीत ही साधी गोष्ट नव्हती. आपण ती 'ग्रामीण' या शिक्क्याखाली झाकून टाकली.

चरित्र पटकन सांगतो, कारण त्याचा पुढं उपयोग आहे. २५ डिसेंबर १९४० चा जन्म. गाव काटगाव. आज आपण लातूर जिल्हा म्हणतो, पण लातूर जिल्हा झाला १९८२ साली. तेव्हा तो सगळा उस्मानाबादचा मुलूख. आणि त्याच्याही वर निजामाचं हैदराबाद संस्थान. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं तेव्हा बोराडे सात वर्षांचे. म्हणजे सरकारी व्यवहार उर्दूत, घरात बोली, आणि पुस्तकातली मराठी ही तिसरीच, लांबून आलेली भाषा. या भागाचं स्वतःचं विद्यापीठ झालं १९५८ साली, इथं औरंगाबादेत. बोराडे तेव्हा सतरा वर्षांचे होते. मराठवाड्यातली खेड्यातून कॉलेजात गेलेली पहिली मोठी पिढी ती हीच. या पिढीला शिक्षणानं लिहायची ताकद दिली आणि त्याच वेळी घरची भाषा तोंडातून काढून घ्यायला सुरुवात केली. दोन्ही एकदम. 'असं नाही, असे म्हण.' 'व्हतं नाही, होते म्हण.' हे ज्यांनी ऐकलंय त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

बोराडे १९५७ च्या सुमारास लिहायला लागले. 'पेरणी' हा पहिला कथासंग्रह १९६२ चा. मग नोकरी, प्राध्यापकी. वैजापूरच्या विनायकराव पाटील महाविद्यालयात प्राचार्य, नंतर इथल्या देवगिरी महाविद्यालयात प्राचार्य. पुढं महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचं अध्यक्षपद. कथा, कादंबऱ्या, नाटकं, मुलांसाठीची पुस्तकं, असं लेखन शेवटपर्यंत चालू.

आता त्यांच्या पुस्तकांची नावं ऐका. पेरणी. मळणी. वाळवण. राखण. बोळवण. चारापाणी. लक्षात येतंय का? ही बहुतेक सगळी कामांची नावं आहेत. कोणीतरी पेरतं, कोणीतरी मळतं, कोणी वाळवत घालतं, कोणी राखणीला बसतं, लेकीला वाटेला लावतं. शेतकरी घरात वर्षभर जी कामं चालतात त्यांची ही यादी. आणि यांच्यात एक नाव वेगळं आहे: पाचोळा. पाचोळा कोणी करत नाही. तो होतो. झाडाला लागून होतं ते गळतं, वाळतं, आणि मग वारा नेईल तिकडं जातं. कष्टांच्या नावांमध्ये हे एक नाव असं, ज्यात कोणाच्याच हातात काही नाही. हे त्यांनी ठरवून केलं असेल, नसेल. पण वाचणाऱ्यानं ते बघायला पाहिजे.

'पाचोळा' आली १९७१ साली. गोष्ट अशी: गंगाराम नावाचा शिंपी, त्याची बायको पारबती, मुलगा भान्या. गंगाराम मानी आहे, ताठ आहे. गावातल्या तालेवार माणसाशी त्याचं बिनसतं आणि मग धंदा बसत जातो, बाप-लेकात फाटतं, बघता बघता घराची वाताहत होते. गोष्ट इतकीच. आणि हे सगळं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पारबती सांगते. तिच्या बोलीत. मध्ये कोणी नाही.

हे 'मध्ये कोणी नाही' म्हणजे काय, ते कळायला जरा मागं जावं लागेल.

१९५५ ला व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' आली. अप्रतिम कादंबरी, त्यात वादच नाही. पण ती सांगतो कोण? राजाराम सौंदणीकर, औंध संस्थानानं धनगरांच्या वाडीवर पाठवलेला तरुण मास्तर. तो बाहेरून येतो, बघतो, जीव लावतो आणि शेवटी बाहेर जातो. वाडी आपल्याला मास्तरच्या डोळ्यांतून दिसते. धनगर त्यांच्या बोलीत बोलतात, मास्तर आपल्याशी प्रमाण मराठीत बोलतो. वाचकालाही ते सोयीचं असतं, कारण तोही मास्तरसारखाच बाहेरचा.

मग १९६० ला उद्धव शेळक्यांची 'धग'. तिथं मास्तर नाही. कौतिक नावाची बाई आहे, तिचा संसार आहे, वऱ्हाडी बोली अशी की कानात घुमत राहते. पण निवेदक कौतिक नाही. निवेदक लेखक आहे, तिसऱ्या पुरुषात. कौतिक काय करते, कशी झिजते, हे तो आपल्याला सांगतो. बोली संवादांत आहे. संवाद संपला की लेखकाची भाषा पुढं होते आणि गोष्ट हातात घेते.

आणि मग १९७१. एकाच वर्षी दोन कादंबऱ्या. कोल्हापूर-कागलकडून आनंद यादवांची 'गोतावळा' आणि आपल्याकडून 'पाचोळा'. दोन्हींत निवेदकच बोलीत बोलतो. 'गोतावळा'त सालगडी नारबा सांगतो: मळा, जनावरं, आणि ट्रॅक्टर आल्यावर त्या गोतावळ्याचं काय झालं ते. 'पाचोळा'त पारबती सांगते. दोघांनीही एकमेकांचं बघून लिहिलं असं मला म्हणायचं नाही. काळच तसा होता. याच दिवसांत याच शहरातून गंगाधर पानतावण्यांचं 'अस्मितादर्श' निघत होतं. ज्यांच्याविषयी आजवर लिहिलं गेलं ते आता स्वतः लिहिणार होते. गोष्ट सांगायचा हक्क कोणाचा, हा प्रश्न हवेतच होता. यादव आणि बोराडे यांनी त्याचं उत्तर निवेदनात शोधलं. पुढं ग्रामीण साहित्याची चळवळ झाली, मेळावे झाले, जाहीरनामे झाले, ते सगळं आपापल्या जागी. पण चळवळीच्या आधी ही दोन पुस्तकं आहेत, हे विसरून चालणार नाही.

तर आता प्रश्न: बोलीत निवेदन केल्यानं नेमकं काय होतं? नुसता गावरान वास येतो का? तसं असेल तर ते लोणच्याच्या बरणीवरच्या चित्रासारखं झालं.

एक उदाहरण घेऊ. हे कादंबरीतलं नाही, मी आपलं समजावण्यापुरतं केलेलं आहे. प्रमाण मराठीत लेखक लिहील: 'नवऱ्याला उशीर झाल्यामुळे ती अस्वस्थ झाली.' झालं. एका शब्दात तिच्या मनाचं नाव सांगून टाकलं. आता तीच गोष्ट बाई आपल्या तोंडानं सांगते असं समजा: 'दिवस कलला. जेवायची येळ टळून गेली. तरी ह्यांचा पत्ता न्हाई. मी आपली आत-बाहीर करायले.' यात 'अस्वस्थ' हा शब्द नाही. तो तिच्याकडं नाहीच. पण आत-बाहेर करणारे पाय आहेत. झाकून ठेवलेली भाकरी आहे, न सांगता. आणि नवऱ्याचं नाव न घेता 'ह्यांचा' म्हणणं आहे, त्यात सगळं नातं आलं. म्हणजे बोली हा नुसता उच्चारांचा फरक नाही. बोलीत मनाला नाव द्यायची सवय नसते, ते हातापायांतून दाखवायची असते. ज्या लेखकाला हे कळलं, त्याला स्पष्टीकरण देता येत नाही. स्पष्टीकरणाची भाषाच त्याच्या निवेदकाकडं नाही. बोराड्यांनी ती अडचण आपणहून गळ्यात बांधून घेतली.

दुसरं असं की पारबती जिथं नाही तिथलं आपल्याला काही दिसत नाही. गावातली सत्ता कुठं चालते? चावडीवर, पारावर, मोठ्याच्या ओसरीवर. तिथं बाई जात नाही. तिथं काय ठरलं ते तिच्या कानावर येतं, तेही उशिरा, अर्धवट, कोणाच्या तरी तोंडून. म्हणजे घर मोडायचं ठरतं एका जागी आणि मोडताना दिसतं दुसऱ्या जागी, चुलीपुढं. तिसऱ्या पुरुषातल्या निवेदकानं आपल्याला दोन्हीकडं नेलं असतं. एक प्रकरण वाड्यावर, एक प्रकरण झोपडीत. मग आपल्याला खलनायक मिळाला असता, त्याचे डाव मिळाले असते. 'पाचोळा'त ते सुख नाही. वारा दिसत नाही, पाचोळा उडताना दिसतो.

आता शिंपी. गंगाराम शेतकरी नाही, या गोष्टीकडं समीक्षकांनी पुरेसं बघितलं नाही असं मला वाटतं. आपल्याकडं 'ग्रामीण' म्हटलं की शेतकरी, पाऊस, बैल, सावकार. पण गावात जमीन नसलेली माणसंही राहतात. अलुते-बलुत्यांच्या याद्या मुलखागणिक बदलतात. शिंपी बहुतेक ठिकाणी अलुत्यांत धरलेला. म्हणजे सुतार-लोहारांइतकाही त्याचा हक्क पक्का नाही. शेतकऱ्याला सुतारावाचून पेरता येत नाही. शिंप्यावाचून काय अडतं? जुनं सदरं आणखी एक दिवाळी जातं. तालुक्याला कापड घेतलं, तिथंच शिवून घेतलं, झालं. वर उधारी, सुगीला देऊ म्हणायचं. शेतकऱ्याला निसर्ग मारतो असं आपण म्हणतो. शिंप्याला पाऊस मारत नाही, त्याला गावाची मर्जी मारते. चार तालेवार घरांनी कपडे टाकणं बंद केलं की मशीन थांबलं. कोणाला मारहाण करावी लागत नाही, कोर्टात जावं लागत नाही. नुसतं येणं बंद करायचं.

अशा माणसाच्या अंगात ताठा असणं ही चैन आहे. गंगारामला ती परवडत नाही, आणि ती सोडताही येत नाही. इथं ही कादंबरी ग्रामीण-शहरी या वादाच्या पलीकडं जाते. ज्याचं पोट दुसऱ्याच्या मर्जीवर आहे त्यानं स्वाभिमान ठेवायचा की नाही? ठेवला तर त्याची किंमत कोण मोजतं? किंमत मोजते पारबती, आणि भान्या. ताठ राहिला तो एक, वाकली ती दोघं. आणि गोष्ट सांगणारी तीच आहे जिनं किंमत मोजली. तिला नवऱ्याचा मान कळतो, त्याचा हट्टही कळतो. ती त्याला दोषी ठरवत नाही आणि थोरही ठरवत नाही. हा तोल लेखकानं स्वतः बोलून साधला नसता.

इथं जरा अमेरिकेत जाऊ. अनोळखी मुलूख वाटेल, पण प्रश्न तोच आहे. मार्क ट्वेनच्या 'हकलबरी फिन'ची गोष्ट एक अर्धशिक्षित पोरगा आपल्या भाषेत सांगतो. १८८० च्या दशकातलं पुस्तक. सुरुवातीलाच ट्वेननं टीप दिली आहे की यात अमुक अमुक बोली वापरल्या आहेत आणि त्या अंदाजानं नाही, काळजीपूर्वक वापरल्या आहेत. का द्यावी लागली ही टीप? कारण अशी भाषा छापलेली दिसली की वाचकाला वाटतं लेखकालाच लिहिता येत नाही, नाहीतर तो थट्टा करतोय.

आणि दुसरी झोरा नील हर्स्टन. फ्लोरिडात वाढलेली काळी लेखिका, मानववंशशास्त्र शिकलेली. १९३७ साली तिची 'देअर आईज वेअर वॉचिंग गॉड' आली. जेनी नावाच्या बाईची गोष्ट, संवाद काळ्या लोकांच्या बोलीत, निवेदन मात्र बरंचसं लेखिकेच्या भाषेत. म्हणजे 'धग'च्या जवळचा मार्ग. रिचर्ड राइटसारख्या मोठ्या काळ्या लेखकानंच तिच्यावर टीका केली की हे गोऱ्या वाचकांच्या करमणुकीचं लेखन आहे. पुढं पुस्तक विस्मरणात गेलं, १९६० साली हर्स्टन गरिबीत वारली, थडग्यावर दगडही नव्हता. १९७३ साली अ‍ॅलिस वॉकर तिथं गेली आणि तिनं तो दगड बसवला. नंतर ती कादंबरी अभ्यासक्रमांत आली, आज ती अमेरिकी साहित्यातली महत्त्वाची कादंबरी समजली जाते.

मी हे का सांगतोय? राइटचा आक्षेप आपल्याकडंही लागू होता, म्हणून. आपल्याकडं बोलीचं काय केलं गेलं? कथाकथन. आता कथाकथनाला मी नावं ठेवत नाही. शंकर पाटील, मिरासदार, माडगूळकर ही मंडळी मंचावर असताना महाराष्ट्रानं जो आनंद लुटला तो खरा होता. पण त्याचा एक परिणाम झाला. शहरातल्या श्रोत्याच्या मनात गावची बोली आणि हसू यांची गाठ पक्की बसली. बोली आली की हसायची तयारी. बोराड्यांनीही विनोदी कथा लिहिल्या आहेत, त्यांना हसवता येत नव्हतं असं नाही. म्हणून 'पाचोळा'तला संयम जास्त मोठा. तीच बोली, आणि हसायला जागा नाही. बार्शी-लातूरच्या पट्ट्यात जी भाषा आपण रोज ऐकतो, तिच्यात एक शोकांतिका पूर्ण उभी राहते. सिनेमात नोकराच्या तोंडी घालतात ती ही भाषा!

बरं, आता आक्षेप. पुरुषानं बाईच्या तोंडून बोलावं का, हा आजचा प्रश्न आहे आणि तो टाळण्यात अर्थ नाही. माझं मत सांगतो. पारबती मला भाषेत शंभर टक्के पटते. मनात तितकी नाही. ती बायको आहे आणि आई आहे, आणि या दोन्हींच्या बाहेर ती क्वचितच येते. तिचा स्वतःचा राग, स्वतःसाठीचा राग म्हणतोय मी, तो पुरेसा ऐकू येत नाही. 'धग'मधली कौतिक बघा. ती मजुरीला जाते, संसार अंगावर घेते, वाट काढते, हरते. कौतिक कर्ती आहे. पारबती साक्षीदार आहे. त्यामुळं गंमत अशी झाली की शेळक्यांनी निवेदन स्वतःकडं ठेवलं पण बाईला कृती दिली. बोराड्यांनी बाईला निवेदन दिलं पण कृती गंगारामकडं राहिली. दोन्ही मिळून एक कादंबरी व्हायला पाहिजे होती असं कोणी म्हणेल. ती पुढं बायकांनीच लिहायची होती. बोराड्यांनी दार उघडलं एवढं म्हणता येईल, आणि ते थोडं नाही.

बाईला मध्यभागी ठेवायची ओढ त्यांना नंतरही होती. 'आमदार सौभाग्यवती' ही राजकारणात आलेल्या बाईची गोष्ट. त्यावर नाटकही झालं, ते लोकांनी पाहिलं. विषय नेमका हेरलेला. बाईच्या नावावर पद आणि पुरुषाच्या हातात शिक्का, हे पुढं आरक्षणानंतर आपण गावोगाव बघितलं. 'सरपंचपती' हा शब्द आपल्या कोशात असा शिरला. पण वाङ्मय म्हणून मला विचाराल तर तिथं विषय पुढं आहे आणि कान मागं. 'पाचोळा'त उलट होतं. एकूणच बोराड्यांचं लेखन सरसकट एका पातळीचं नाही. इतकं लिहिणाऱ्याचं नसतंच. जिथं त्यांना काही सांगायचं असतं तिथं कथा सरळ होते. जिथं ते नुसते ऐकत असतात तिथं ती खोल जाते. त्यांच्या कथांची एक चांगली निवड कोणीतरी परखडपणे करायला हवी. सगळ्याच जपून ठेवायच्या म्हटलं की कोणतीच वाचली जात नाही.

आणि आता तो प्राचार्य. सुरुवातीला त्याला बाजूला ठेवला होता, परत बोलावतो. दिवसभर प्राचार्य कोणती भाषा बोलतो? 'उपरोक्त विषयास अनुसरून', 'आपणास कळविण्यात येते की'. परिपत्रकाची मराठी. या भाषेत कोणीच काही करत नाही, सगळं आपोआप 'करण्यात येते'. या भाषेत आयुष्य गेलेल्या माणसानं पारबतीचं वाक्य कानात जपून ठेवलं, ही मला त्यांच्या चरित्रातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. पुरस्कारांपेक्षा मोठी. आपल्याकडं लेखक-प्राध्यापक खंडीभर आहेत. याच शहरात विद्यापीठात नेमाडे शिकवत होते, त्यांनी कॉलेजातल्या माणसांवरच कादंबऱ्या रचल्या. तोही एक मार्ग, आणि मोठा मार्ग. बोराड्यांनी आपल्या चांगल्या लेखनात कॉलेज येऊच दिलं नाही. शिक्षणानं आपल्याला जे केलं ते पानावर दिसू द्यायचं नाही, हा त्यांचा हट्ट होता.

पण झालं काय? 'पाचोळा' अभ्यासक्रमांत लागली. लागायलाच पाहिजे होती. आणि मुलं काय लिहितात? 'पाचोळा कादंबरीतील ग्रामीण जीवनाचे चित्रण स्पष्ट करा.' दहा गुण. उत्तर प्रमाण मराठीत, गाइडमधून: गरिबी, अज्ञान, जातिव्यवस्था, बोलीभाषेचा वापर. 'बोलीभाषेचा वापर' हा शेवटचा मुद्दा, दोन ओळी, वेळ उरला तर. ज्या मुलीच्या घरात आजी अजून 'काय करायलीस गं' म्हणून विचारते ती मुलगी परीक्षेत लिहिते की लेखकाने बोलीभाषेचा प्रभावी वापर केला आहे. ती वापराबद्दल लिहिते, कारण तिला कोणी सांगितलेलं नाही की ही भाषा तिची आहे आणि तिच्यात कादंबरी होऊ शकते, झालेली आहे. मास्तर कादंबरीतून बाहेर काढला होता, तो वर्गातून परत आत आला.

शेवटचं एक, आणि हे कामाचं आहे. 'पाचोळा' येऊन पन्नासहून जास्त वर्षं झाली. त्यातले शिवणकामाचे, घरकामाचे, नात्यांचे पुष्कळ शब्द आजच्या लातूरच्या मुलांनाही माहीत नाहीत, पुण्या-मुंबईचं सोडाच. यंत्रं बदलली, कापड बदललं, भांडी बदलली, तशी त्यांची नावं गेली. हे शब्द ज्या बायकांना ठाऊक आहेत त्या आज सत्तरीच्या, ऐंशीच्या आहेत. त्यांच्यापुढं बसून ही कादंबरी मोठ्यानं वाचावी, अडेल तिथं थांबावं, शब्द विचारावा, लिहून घ्यावा. नीट शब्दसूची असलेली आवृत्ती काढायला एवढंच लागतं. विद्यापीठ आहे, मराठीचे विभाग आहेत, पीएच.डी. करणारी मुलं आहेत. आणि त्यांच्याच बोलीतली कादंबरी ऐकून त्या बायका काय म्हणतात, गंगारामला काय म्हणतात, पारबतीला काय म्हणतात, तेही लिहून घ्यावं. आजवर 'पाचोळा'वर जे छापून आलं, त्यात त्यांचं मत कुठं नाही.

मला दिलेला वेळ झाला. प्रश्न घेऊ या. आधी मागच्या रांगेतून.